'आमचीच गाणी परत आली'? स्कॉटलंड-अमेरिकेतली सुरांची ये-जा

नदीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

गेली सहा वर्षं मी ग्लासगोत राहते. इथे दर जानेवारीत 'सेल्टिक कनेक्शन्स' नावाचा संगीत महोत्सव भरतो, १९९४ पासून. दुपारी चारला अंधारून येतं, पाऊस आडवा लागतो, छत्री उघडली की उलटी होते, आणि तरीही अख्खं शहर गाणं ऐकायला घराबाहेर पडतं. यंदा मला 'ट्रान्सअटलांटिक सेशन्स'चं तिकीट मिळालं. मुळात ही बीबीसी स्कॉटलंडची टीव्ही मालिका. १९९५ साली सुरू झाली. एखाद्या जुन्या घरात स्कॉटिश, आयरिश आणि अमेरिकन कलाकारांना एकत्र आणायचं, समोर प्रेक्षक नाहीत, एकमेकांकडे तोंड करून बसायचं आणि वाजवायचं. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरचा फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) अ‍ॅली बेन आणि अमेरिकेचा डोब्रो (एक प्रकारची गिटार) वाजवणारा जेरी डग्लस या दोघांनी वर्षानुवर्षं ही बैठक सांभाळली. आता ती महोत्सवात रंगमंचावर होते.

कार्यक्रमात एका अमेरिकन गायिकेने केंटकीकडचं एक जुनं कथागीत म्हटलं. साथीला काहीच नव्हतं, नुसता आवाज. माझ्या शेजारी सत्तरीपुढचे एक आजोबा बसले होते, ते ओठांतल्या ओठांत प्रत्येक ओळ म्हणत होते. गाणं संपल्यावर डोळे पुसून माझ्याकडे वळून म्हणाले, "आमचीच गाणी आहेत ही, पोरी. अडीचशे वर्षं बाहेर राहून घरी आलीत."

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. हे असंच आहे का? इथून काय गेलं, काय परत आलं, आणि परत येताना सोबत काय घेऊन आलं? इथे संगीतातली जाणकार मंडळी आहेत, अमेरिकेतलेही बरेच जण आहेत. लिहा.

टिपरी

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत येतो.

डोंगरउतार

नदीकाठ, धागा अगदी माझ्या अंगणातला काढलात. मी उत्तर कॅरोलिनात राहतो, डोंगराच्या पायथ्याशी. दर गुरुवारी इथल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत 'ओल्ड टाइम' (इथलं जुनं लोकसंगीत) वाजवणाऱ्यांची बैठक असते. चार वर्षांपासून मी तिथे फिडल घेऊन जातोय. आधी लहानपणी सहा वर्षं कर्नाटकी व्हायोलिन शिकलो होतो, त्यामुळे हात अगदीच कोरा नव्हता.

आधी माणसं कशी आली ते सांगतो. अठराव्या शतकात अल्स्टरमधून, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात आधीच जाऊन वसलेले स्कॉट लोक, पेन्सिल्व्हेनियात उतरले. चांगली जमीन आधीच गेलेली होती, म्हणून ते शेनँडोआच्या खोऱ्याने दक्षिणेला सरकत सरकत अपालाचियन डोंगरांत पोचले. दुसरीकडे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले गेलिक बोलणारे लोक १७३९ पासून थेट आमच्या केप फिअर नदीच्या खोऱ्यात येऊन राहिले. म्हणजे आजोबांचा 'अडीचशे वर्षं' हा आकडा हवेतला नाही.

आता वाजवण्याचं. आमच्याकडे 'लेदर ब्रिचेस' नावाची एक धून आहे, प्रत्येक बैठकीत होतेच. तीच स्कॉटलंडात 'लॉर्ड मॅकडोनाल्ड्स रील' (रील म्हणजे जलद नाचाची धून). 'मिस मॅकलाउड्स रील' इथे 'हॉप लाइट लेडीज' झाली. दोन्ही पाठोपाठ ऐकलीत तर स्वरांचा सांगाडा तोच, पण गज सगळा निराळा. स्ट्रॅथस्पे या स्कॉटिश नाचाच्या धुनेत आखूड स्वर आधी, त्याला चिकटून लांब: ट-टाऽ, ट-टाऽ. जणू कोणी मनगटाला हिसका देतंय. त्याला 'स्कॉच स्नॅप' म्हणतात. इकडे गजाचा शफल चालतो, एक लांब दोन आखूड: टाऽ-टट, टाऽ-टट. पहिल्यात पाय जमिनीवरून उचलावासा वाटतो, दुसऱ्यात टाच जमिनीवर आपटावीशी वाटते.

आणि एक गोष्ट, जी कळली तेव्हा मी बैठकीत चक्क ओरडलो होतो. इथले वादक पुष्कळ धुनांसाठी फिडलच्या खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवतात. चारही तारा मग ए-ई-ए-ई होतात. म्हणजे काय? सा-प-सा-प! माझ्या गुरुजींनी लहानपणी लावायला शिकवलेलं तेच लावणं. मोकळ्या तारा मागे घुमत राहतात, तंबोऱ्यासारख्या. शेटलंडचे जुने वादकही असंच लावायचे, अठराव्या शतकातल्या स्कॉटिश वह्यांतही हे लावणं सापडतं.

मोगरा_आत्या

डोंगरउतार, किती सुरेख लिहिलंत. सा-प-सा-प वाचून मीही पेटी काढून बसले.

स्वरांचा विषय निघालाच आहे तर: 'ऑल्ड लँग साइन' पेटीवर वाजवून बघा, सरळ भूपाचे स्वर आहेत. सा रे ग प ध, मध्यम-निषाद नाहीतच. 'ये बँक्स अँड ब्रेज' बहुतेक तसंच. म्हणून तर आपल्या कानाला ही गाणी परकी वाटत नाहीत. रवींद्रनाथांनी या दोन्ही चाली घेतल्या, 'पुरानो शेई दिनेर कथा' आणि 'फुले फुले ढले ढले'. माझी कलकत्त्याची जाऊ ती म्हणते तेव्हा तिला ती अस्सल बंगालीच वाटतात, आणि मला विचाराल तर आता ती बंगालीच आहेत.

आणि 'ऑल्ड लँग साइन'ला नववर्षाचं गाणं म्हणून जगभर कोणी पोचवलं? स्कॉटलंडमध्ये थर्टी फर्स्टला ते म्हणायचेच. पण अमेरिकेत घराघरांत रुजवलं गाय लोम्बार्डोच्या बँडने, १९२९ पासून न्यूयॉर्कहून रेडिओवर. तो जन्माने कॅनडाचा, घराणं इटालियन. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८८ मध्ये लिहून पाठवलेल्या ओळी बघा कुठून कुठे गेल्या.

जुनाखोड

सगळं छान आहे, पण आजोबांच्या वाक्यावर मी आक्षेप नोंदवतो. 'आमचीच' हा शब्द मला खटकला.

अपालाचियन बैठकीत फिडलच्या शेजारी काय असतं? बँजो. बँजो आला पश्चिम आफ्रिकेतून, गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातांतून. १८३० च्या दशकापर्यंत गोऱ्यांच्या हातात तो फारसा नव्हताच. दक्षिणेत मळेवाल्यांच्या नाचांना फिडल वाजवणारे बहुतेकदा काळे वादक असत. तुमच्या 'लेदर ब्रिचेस'मधला तो टाच आपटावीशी वाटणारा ठेका स्कॉटलंडातून गेलेला नाही, तिकडे गेल्यावर लागलेला आहे. कोणामुळे लागला, हेही स्पष्ट आहे. डोंगरात जो डल्सिमर वाजतो तोही स्कॉटिश नाही, त्याचा पूर्वज जर्मन.

ही 'आमचीच गाणी'वाली समजूत पसरायला एक मोठं कारण म्हणजे संग्राहक. सेसिल शार्प हा इंग्रज आणि त्याची सहकारी मॉड कार्पेलिस १९१६ ते १९१८ डोंगरात हिंडले, शेकडो गाणी टिपली. काम अफाट, त्याबद्दल आदर आहे. पण ते आले होते जुनं ब्रिटन शोधायला, आणि माणूस जे शोधतो ते त्याला सापडतं. पुस्तकाच्या नावात तर सरळ 'इंग्लिश' लिहिलं, त्यातली कितीतरी स्कॉटिश असूनही! म्हणजे स्कॉटलंडच्याही तोंडचा घास गेला.

डोंगरउतार

जुनाखोड, शंभर टक्के मान्य. बँजोचं मी आधीच लिहायला हवं होतं. आमच्या बैठकीत एक काळे आजोबा बँजो वाजवतात. ते बोटांनी खालच्या दिशेने मारतात, अंगठा आखूड तारेवर मधेमधे पडत राहतो. त्यांनी वाजवायला सुरुवात केली की माझा गज आपोआप त्यांच्या मागे जातो. मी तो ठेका पुस्तकातून शिकलो नाही, त्यांच्या उजव्या हाताकडे बघून शिकलो.

ब्लूग्रास या फिडल-बँजोच्या अमेरिकन संगीतप्रकाराचा जनक बिल मन्रो स्वतः आपल्या संगीतातल्या गोष्टी मोजायचा तेव्हा स्कॉच बॅगपाइप आणि जुनी फिडल ही नावं घ्यायचा, आणि त्याच दमात ब्लूज आणि जॅझचंही नाव घ्यायचा.

मोगरा_आत्या

जुनाखोड, म्हणणं पटलं. पण त्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं तेही खरंच ना? शब्द तर त्यांच्याच आजीचे होते.

जुनाखोड

आत्या, हो. कथागीतांपुरतं त्यांचं म्हणणं मी मान्य करतो. 'बार्बरा अ‍ॅलन'चंच बघा. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने २ जानेवारी १६६६ च्या रोजनिशीत त्याचा 'छोटंसं स्कॉच गाणं' असा उल्लेख केलाय. तेच गाणं अडीचशे वर्षांनी शार्पला डोंगरातल्या बायकांच्या तोंडून पुन्हापुन्हा मिळालं.

आणि या गाण्यांचा सर्वांत मोठा संग्रह कोणी केला? हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डने, म्हणजे अमेरिकन माणसाने. १८८२ ते १८९८, एकूण ३०५ कथागीतं. आजही स्कॉटलंडमधले गायक आपल्याच गाण्याला 'चाइल्ड ८४' अशा नंबराने ओळखतात.

ग्रंजवाला

तुम्ही सगळे फिडल-बँजोत रमलात, मी जरा गिटार प्लग करतो.

१९९३ चा नोव्हेंबर, न्यूयॉर्क, निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा 'अनप्लग्ड' कार्यक्रम. कर्ट कोबेन एक गाणं सुरू करताना सांगतो की हे व्हॅसलीन्सचं आहे. व्हॅसलीन्स म्हणजे ग्लासगोची एक छोटीशी जोडगोळी, युजीन केली आणि फ्रान्सेस मकी. त्यांच्या गावातही फार कोणी ओळखत नव्हतं. निर्वाणाने त्यांची तीन गाणी केली. कोबेनच्या मुलीचं फ्रान्सेस हे नावसुद्धा या फ्रान्सेस मकीवरून.

आता गंमत बघा. त्याच कार्यक्रमाचा शेवट कशाने होतो? लेड बेली या काळ्या लोकगायकाकडून घेतलेल्या गाण्याने. ते मुळात दक्षिणेतल्या डोंगरांतलं जुनं लोकगीत, 'काल रात्री कुठे होतीस' असं विचारणारं. म्हणजे सिअ‍ॅटलकडचा मुलगा एकाच बैठकीत ग्लासगोचं गाणं गातो आणि अपालाचियन गाणंही गातो, आणि दोन्ही त्याच्या गळ्यात एकाच घरची वाटतात. मी ते पंधराव्या वर्षी डोंबिवलीत कॅसेटवर ऐकलं, तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. फक्त शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज फाटतो तिथे अंगावर काटा यायचा.

आणि उलट बाजूने: टीनएज फॅनक्लब हे ग्लासगोजवळच्या बेल्सहिलचे, त्यांचे देव मेम्फिसचे बिग स्टार. जीझस अँड मेरी चेन हे ईस्ट किलब्राइडचे, त्यांच्या 'जस्ट लाइक हनी'ची सुरुवात ऐका, ड्रमचा ठेका थेट 'बी माय बेबी' या जुन्या अमेरिकन गाण्याचा. ग्लासगोच्या पोस्टकार्ड रेकॉर्ड्सने तर १९८० मध्ये आपलं घोषवाक्यच 'तरुण स्कॉटलंडचा आवाज' असं ठेवलं, डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं 'तरुण अमेरिकेचा आवाज' होतं त्यावरून!

टिपरी

रुमाल उचलायला आलो तर इथे अख्खी सतरंजी अंथरलेली. :)

ग्रंजवाला, लेड बेलीचं नाव घेतलंत म्हणून माझंही एक. १९३१ मध्ये ग्लासगोत जन्मलेला लॉनी डोनेगन. वडील व्हायोलिनवादक. मुलगा लहानपणीच लंडनला गेला आणि लेड बेलीच्या मागे लागला. १९५४ मध्ये त्याने 'रॉक आयलंड लाइन' रेकॉर्ड केलं. एक गिटार, एक बास, एक कपडे घासायची पत्र्याची फळी. ते गाणं १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये गाजलंच, पण अमेरिकेतही पहिल्या दहांत गेलं. अर्कान्सासच्या तुरुंगातल्या कैद्यांचं गाणं, ग्लासगोच्या मुलाने गायलेलं, परत अमेरिकेला विकलेलं. आणि ते ऐकून लिव्हरपूलच्या ज्या पोरांनी फळ्या-खोके जमवून बँड काढले, त्यांत पुढे बीटल्स झालेले लेनन-मॅकार्टनी होते.

सुभेदारांचा_नातू

आजोबा फौजेत होते, त्यामुळे बॅगपाइप हा आमच्या घरचा विषय. आपल्या फौजेच्या पाइप बँडांत स्कॉटिश चाली अजून वाजतात.

'अमेझिंग ग्रेस'. पाइपवर ऐकलं की प्रत्येकाला वाटतं, हे तर स्कॉटलंडचंच. शब्द इंग्रज पाद्री जॉन न्यूटनचे, १७७९ मध्ये छापलेले. चालीची सर्वांत जुनी छापील नोंद अमेरिकेतली, १८२९ ची. शब्द आणि ही चाल यांची गाठ १८३५ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या विल्यम वॉकरने आपल्या भजनांच्या पुस्तकात बांधली. पाइपवर ते जगभर गाजलं १९७२ मध्ये, रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स या पलटणीच्या बँडमुळे. पाच आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर! म्हणजे ज्याला आपण 'स्कॉटलंडचा आत्मा' वगैरे समजतो ते अमेरिकेहून आलेलं आहे. आत्याबाई, हेही भूपातलंच आहे, वाजवून बघा.

दुसरी गोष्ट रूफस हार्लीची. फिलाडेल्फियाचा काळा सॅक्सोफोनवादक. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये केनेडींच्या अंत्ययात्रेत ब्लॅक वॉच पलटणीचे पाइपर होते, ते त्याने टीव्हीवर पाहिलं आणि तो आवाज त्याला सोडेना. न्यूयॉर्कच्या एका गहाणवटीच्या दुकानात त्याला पाइप मिळाला. १९६५ मध्ये त्याने त्यावर जॅझचा अल्बम काढला, 'बॅगपाइप ब्लूज'. पाइपला एकूण नऊ स्वर, आवाज कमी-जास्त करता येत नाही, मधे थांबता येत नाही, मागे षड्ज अखंड चालू. त्यावर ब्लूज वाजवायचं म्हणजे सनईवर ठुमरी आणण्याइतकीच हिंमत लागते, आणि बिस्मिल्लाखाँनी ती आणलीच की.

शुभ्रकमळ

इथे कोणी गेलिक स्तोत्रांबद्दल लिहीत कसं नाही? येल विद्यापीठातले जॅझवादक प्राध्यापक विली रफ यांनी मांडलं होतं की काळ्या अमेरिकन चर्चमधलं ओळ-ओळ उचलून गाणं हे स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरच्या गेलिक स्तोत्रगायनातून आलं. जॅझचा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी मूळचा दक्षिण कॅरोलिनाचा, त्याने रफना सांगितलं होतं की त्याच्या भागात गेलिक बोलणारे काळे लोक होते. म्हणजे गॉस्पेलसुद्धा स्कॉटिश!

जुनाखोड

शुभ्रकमळ, या शेवटच्या वाक्याला मात्र मी हात जोडतो. रफ यांचं म्हणणं गाजलं खरं, पण अभ्यासकांनी त्याला कसून विरोध केलाय. वाचता न येणाऱ्यांसाठी एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती उचलायची ही पद्धत इंग्लंडमध्येच होती, १६४४-४५ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने उपासनेच्या नियमांत ती लिहूनच ठेवली. तिथून ती स्कॉटलंडलाही गेली आणि अमेरिकेलाही. आणि एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, हे आफ्रिकेतल्या गाण्यात काय स्कॉटलंडने शिकवलं होतं? दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे एक दुसरीची मुलगी ठरत नाही.

शुभ्रकमळ

घाईने लिहिलं, मान्य. पण २००५ मध्ये येलला तिघांना एकत्र आणलं होतं: अलाबामाचे काळे बॅप्टिस्ट, केंटकीचे गोरे ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट आणि स्कॉटलंडचे गेलिक गाणारे. तिन्ही गटांनी एकमेकांचं गाणं समोरासमोर ऐकलं. कोण कोणाचं मूळ हा वाद बाजूला ठेवला तरी त्या खोलीत असायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

नदीकाठ (धागाकर्ती)

किती लिहिलंत सगळ्यांनी! दोन रात्री वाचतेय.

शुभ्रकमळ, मी ते गाणं प्रत्यक्ष ऐकलंय. गेल्या वर्षी हेब्रिडीजमधल्या लुईस बेटावर गेलो होतो, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. वाद्य एकही नाही. एक म्हातारे गृहस्थ बसल्या जागेवरून ओळ सुरू करतात, आणि मग सगळं चर्च ती ओळ उचलतं, पण एकत्र नाही! प्रत्येक जण आपल्या वेळेने, आपल्या हरकती घेत, कोणी पुढे, कोणी मागे. लाट फुटून वाळूवर पसरावी तसा तो आवाज पसरतो आणि ओसरायच्या आत पुढची ओळ येते. मला आळंदीला पहाटे ऐकलेलं भजन आठवलं. नातं आहे असं मी म्हणत नाहीये, जुनाखोडांनी आत्ताच बजावलंय. :) फक्त आठवलं.

कळफलक

एक मोठा दुवा राहून गेलाय, अमेरिकन लोकगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स. अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली तेव्हा १९५० मध्ये तो देश सोडून युरोपात आला. १९५१ मध्ये टेपरेकॉर्डर घेऊन स्कॉटलंडभर फिरला, सोबत कवी हेमिश हेंडरसन. शेतमजूर, कोळी, विणकर बायका, सगळ्यांची गाणी त्याने टिपली. त्याच वर्षी एडिंबरा विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं, आणि लोमॅक्सच्या टेपांच्या प्रती तिथल्या संग्रहाच्या पायात गेल्या. पाठोपाठ केंटकीची जीन रिची आली, चौदा भावंडांतली धाकटी. आपल्या घरातली गाणी इकडे कशी म्हणतात ते ऐकायला शिष्यवृत्ती घेऊन आली होती. नदीकाठ, तुमच्या आजोबांना सांगा, गाणी परत आली त्यात ती बोलावून आणणारी माणसंही होती.

आणि आता माझी सर्वांत आवडती गोष्ट. १९६१ मध्ये ग्लासगोजवळ होली लॉखमध्ये अमेरिकेने अण्वस्त्रांच्या पाणबुड्यांचा तळ टाकला. लोक रस्त्यावर उतरले. मोर्चात म्हणायला गाणी हवीत, म्हणून ग्लासगोच्या मंडळींनी रचली. त्यातलं सर्वांत गाजलेलं 'डिंग डाँग डॉलर': मेल्यावर डॉलर खर्च करता येत नाही, अशा अर्थाचं. त्याची चाल कोणती? ग्लासगोची पोरं म्हणायची त्या 'आजीला बसमधून ढकलू नका' या गाण्याची. आणि त्या बालगीताची चाल? अमेरिकेचं 'शील बी कमिंग राउंड द माउंटन'. आणि ते कुठून आलं? काळ्या लोकांच्या एका जुन्या भक्तिगीतावरून, देवाचा रथ येईल असं सांगणाऱ्या. म्हणजे अमेरिकेच्या तळाला विरोध अमेरिकेच्याच चालीत! आणि त्या गाण्यांची तबकडी १९६२ मध्ये काढली कोणी? न्यूयॉर्कच्या फोकवेज कंपनीने.

नदीकाठ (धागाकर्ती)

कळफलक!! माझी मुलगी हे गाणं म्हणते! पाच वर्षांची आहे, शाळेतून शिकून आली. गाडीत मागच्या सीटवर बसून हात आपटत, 'ये कॅनी शव्ह यर ग्रॅनी अ‍ॅफ अ बस'. पुढे दुसऱ्या आजीला ढकललं तरी चालेल असं कडवं आहे, कारण ती बाबांची आई! आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा तिने ते त्यांच्यासमोर तालासुरात म्हटलं होतं. सुदैवाने त्यांना ग्लासगोची बोली कळत नाही. :)

मोगरा_आत्या

सासूबाईंना हा धागा दाखवू नका म्हणजे झालं. :D

ठेका_तीनताल

मी तबला वाजवतो, म्हणून ड्रमवाल्यांची बाजू मांडतो. अ‍ॅव्हरेज व्हाइट बँड. १९७२ मध्ये जमलेले, बरेचसे डंडी-पर्थ भागातले गोरे स्कॉट. वाजवायचे काळ्या अमेरिकेचं फंक. १९७५ च्या फेब्रुवारीत त्यांचं 'पिक अप द पीसेस' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द जवळजवळ नाहीतच, नुसता सॅक्सोफोन आणि खालून गिटारची किरकिर. जेम्स ब्राउनच्या वादकांनी त्याला उत्तर म्हणून एक तबकडी काढली आणि नाव लावलं 'अबव्ह अ‍ॅव्हरेज ब्लॅक बँड'. दाद द्यायची तर अशी द्यावी.

पण ज्याने त्या गाण्यात ठेका धरला तो डंडीचा रॉबी मॅकिन्टॉश हे यश बघायला राहिला नाही. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या एका पार्टीत हेरॉइनमुळे गेला, चोविशीत. त्याचा हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) नीट ऐका. दोन मात्रांच्या मधली जागा तो ज्या प्रकारे मोकळी सोडतो, ती शिकवून येत नाही. मी विद्यार्थ्यांना ते गाणं ऐकवतो आणि सांगतो, बोल मोजू नका, जागा मोजा.

ग्रंजवाला

+१. आत्ताच परत लावलं.

डोंगरउतार

थोडं अवांतर. नदीकाठ यांनी जेरी डग्लसचा उल्लेख केलाय. डोब्रो ही गिटार अमेरिकेत स्थलांतरित स्लोव्हाक भावांनी बनवली, मांडीवर आडवी ठेवून तारांवर पट्टी सरकवत वाजवायची तऱ्हा हवाईची. आपल्याकडे विश्वमोहन भट्ट वाजवतात तीही त्याच तऱ्हेची. १९९५ मध्ये डग्लस, भट्ट आणि बासवादक एडगर मायर यांनी मिळून एक अल्बमही केलाय, 'बर्बन अँड रोजवॉटर'. ज्या वर्षी ट्रान्सअटलांटिकची पहिली मालिका आली, त्याच वर्षी.

जुनाखोड

अवांतर नाही, हे मुद्द्याचंच आहे. बॉब डिलनचंही एक जोडतो. 'अ हार्ड रेन'ची बांधणी 'लॉर्ड रँडल' या इंग्लंड-स्कॉटलंड सीमाभागातल्या जुन्या कथागीताची आहे. आई विचारते, कुठे होतास बाळा, आणि मुलगा सांगतो. भोंडल्यातल्या सासू-सुनेच्या सवालजवाबासारखी रचना. फरक एवढाच की जुन्या गाण्यातला मुलगा विष खाऊन आलाय, आणि डिलनचा मुलगा अख्खं जग बघून आलाय. २००८ मध्ये डिलनला विचारलं होतं की कोणत्या ओळींचा सर्वांत जास्त प्रभाव पडला. त्याने बर्न्सच्या 'रेड, रेड रोझ'चं नाव घेतलं.

नदीकाठ (धागाकर्ती)

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येते.

काल रात्री आमच्या भागातल्या एका पबमध्ये गेले. बुधवारी तिथे कोपऱ्यात बसून लोक वाजवतात, दोन फिडल, एक बासरी, एक अकॉर्डियन. मी धीर करून त्यातल्या थोरल्या फिडलवाल्या बाईंना 'लॉर्ड मॅकडोनाल्ड्स रील' वाजवाल का विचारलं. त्यांनी वाजवली. मग मी फोनवर डोंगरउतार यांनी व्यक्तिगत निरोपात पाठवलेली त्यांच्या बैठकीतली 'लेदर ब्रिचेस' त्यांच्या कानाला लावली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्या आवर्तनाला त्यांचा उजवा हात टेबलावर हलायला लागला, टाऽ-टट, टाऽ-टट. फोन परत न देता त्यांनी विचारलं, "हा मागे बँजो कोण वाजवतोय?" मी सांगितलं, कॅरोलिनातले एक आजोबा. त्या म्हणाल्या, "पुन्हा लाव. गज आमचाच आहे, पण त्याला हलवतोय तो."

त्यानंतर अर्धा तास त्यांनी बाकीच्यांना तो शफल बसवायला लावला. बासरीवाला वैतागला होता.

डोंगरउतार

हे मी येत्या गुरुवारी बँजोवाल्या आजोबांना वाचून दाखवणार. शब्दशः इंग्रजीत करून.

पुढच्या जानेवारीत मला चौदा दिवस सुट्टी आहे. तुमच्याकडचा तो आडवा पाऊस सोसायची तयारी आहे.

नदीकाठ (धागाकर्ती)

या की! फिडल घेऊनच या, बुधवारी पबमध्ये बसवते तुम्हाला. तिकिटं निघाली की कळवते. एक काढू की दोन?

डोंगरउतार

आत्ताच फोन केला होता त्यांना. दोन काढा. बँजो विमानात केबिनमध्ये नेता येतो का, तेवढं कोणाला माहीत असेल तर सांगा.